पुट्टीखालचा पत्रा

मोटार रंगवून घरी आली की सगळे घर अंगणात जमते. कोणी बॉनेटवरून हात फिरवतो, कोणी आरशासारख्या रंगात चेहरा बघून भांग नीट करून घेतो, घरातली वडीलधारी बाई लिंबू-मिरची बांधते. खाली वाकून दाराखालचा पत्रा मात्र कोणी बघत नाही. आमच्या काकांच्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीचे तीन वर्षांपूर्वी असेच थाटात स्वागत झाले. (गाडीच्या पाठीवर नाव पद्मिनी असले तरी आमच्या गल्लीत तिला आजही 'फियाट'च म्हणतात.) आम्ही सगळ्यांनी हात फिरवला. मीही फिरवला. म्हणून पुढे जी टीका करणार आहे, तिच्यात माझाही वाटा आहे हे आधीच कबूल करतो.

दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या दाराखाली, जिथे पत्र्याला पत्रा मिळतो तिथे, केसाएवढी बारीक भेग दिसली. काका म्हणाले, "रंग तडकलाय, दुसरं काही नाही." तिसऱ्या पावसाळ्यात त्या भेगेतून तपकिरी ओघळ येऊ लागला. आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय ते इथल्या वाचकांना सांगायला नकोच. आणि आमची गाडी वर्षातून चार-पाच वेळा चोर्ला घाटाने गोव्यालाही जाते, म्हणजे वर खारी हवा. काकांनी गाडी दोन ठिकाणी दाखवली. पहिल्या ठिकाणी उत्तर तत्काळ मिळाले: भेग घासू, पुट्टी भरू, वरून रंगाचा हात मारू, दोन दिवसांत गाडी न्या. दुसऱ्या ठिकाणच्या मिस्त्रींनी खिशातून जुन्या स्पीकरचे लोहचुंबक काढले, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून ते फडक्यात गुंडाळले आणि दारावरून हळूहळू खाली सरकवत आणले. दारावर चुंबक चिकटून बसले. भेगेजवळ येताच सुटून खाली पडले. तिथे लोखंड नव्हतेच. होती ती पुट्टी. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ठेवून अंगठ्याने दाबले, आणि ते आत गेले. हातोडी लागली नाही.

"ओळग तुक्क हिडदैति," मिस्त्री म्हणाले. आतून गंजाने धरले आहे. आपण मराठीत गंज 'चढला' म्हणतो, जणू तो बाहेरून येऊन वर बसतो आणि पुसला की जातो. कानडीत तो 'धरतो'. निदान या बाबतीत कानडी भाषेला लोखंडाचे ज्ञान अधिक आहे असे मला वाटते. कन्नड विभागातील मित्रांनी ही कबुली जपून ठेवावी.

आता त्या भेगेचे कारण काय? रंग नव्हे. मोटारीचे अंग एकसंध नसते. साच्यात दाबलेले पातळ पत्रे, साधारण एक मिलिमीटर जाडीचे, एकमेकांवर कडा ठेवून विजेच्या ठिपक्यांनी जोडलेले असतात. ठिपक्या-ठिपक्यांमध्ये फट राहते. वातीत तेल चढते तसे त्या फटीत पाणी चढते, आणि ते वाळत नाही. म्हणून कारखान्यात सांध्यावर रबरासारखा लवचीक मसाला भरतात. वीस-तीस उन्हाळ्यांनंतर तो मसाला कडक होतो, आक्रसतो, सुटतो. पुढे जे घडते ते रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल, मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे मला आश्चर्य वाटले: सांध्याच्या तोंडाशी हवा भरपूर, आत कमी, ओल मात्र सलग. अशा वेळी त्या दोन जागांत एक लहानशी बॅटरीच तयार होते, आणि झिजतो तो हवा कमी असलेला, म्हणजे आतला, न दिसणारा भाग. समुद्राकडच्या हवेतले मीठ त्या ओलीतून वीज वाहणे सोपे करते. शिवाय गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. दोन पत्र्यांमध्ये तो फुगतो, पाचरीसारखा त्यांना अलग करतो, ठिपके एकेक करून सुटतात, आणि शेवटी वरचा रंग फाटतो. म्हणजे आपल्याला दिसते ती भेग बाहेरून आत गेलेली नसते. आतून बाहेर आलेली असते. तिच्यावर रंगाचा हात मारणे म्हणजे तापाच्या रोग्याला पावडर लावण्यासारखे आहे.

तरीही कोणी म्हणेल की चाळीस वर्षांच्या गाडीला थोडी पावडर लावली तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चेसिस असते. वरचा पत्रा गंजून गेला तरी गाडी त्या सांगाड्यावर उभी राहते. पद्मिनीला तशी चेसिस नाही. इटलीत १९५३ साली निघालेल्या फियाट ११०० पासून हीच रचना आहे, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आपली पद्मिनी त्याच घराण्यातली. आपल्याकडच्या जुन्या घरांना जसे खांब नसत, भिंतीच आढे पेलत, तसे हे. दाराखालची पोकळ पेटी, गाडीत बसताना ज्याच्यावरून आपण पाय आत टाकतो तो मोटारीचा उंबरठा, हा शोभेचा पत्रा नव्हे. पुढची आणि मागची चाके एका ओळीत धरून ठेवणारी ती तुळई आहे. मिस्त्रींनी जॅक लावून गाडीची एक बाजू उचलली आणि मला मागचे दार उघडायला सांगितले. ते उघडेना. गाडी खाली घेतल्यावर उघडले. याचा अर्थ गाडी मधोमध वाकत होती, आणि अशा गाडीत बसून आम्ही गणपतीत सात जण सावंतवाडीला जाऊन आलो होतो.

इथपर्यंत वाचून पहिल्या गॅरेजवाल्यावर सगळा दोष टाकण्याचा मोह होतो. काकांनी तो तत्काळ टाकला, आणि बराच वेळ टाकत राहिले. माझे मत वेगळे आहे. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी ती पुट्टी भरली त्यांना आपण सांगितले काय होते? "गाडी नवीन दिसली पाहिजे." विचारले काय? "किती दिवस आणि किती पैसे?" पत्रा कापून नवा घालायला आठवडा लागतो, तो घातल्यावर वर रंगच बसतो, आणि मालकाला त्यातले काहीही दिसत नाही. पुट्टीला एक दुपार लागते आणि मालकाला सगळे दिसते. जो कारागीर आतल्या कामाचे पैसे सांगतो त्याला आपण 'महागडा' म्हणून सोडून येतो आणि जो सांगत नाही त्याच्याकडे गाडी लावतो. असे दहा-वीस वर्षे केल्यावर गावात पुट्टीवाले उरले आणि पत्र्याचे मिस्त्री संपले, तर त्यात नवल कसले? आमच्या या मिस्त्रींकडे दोन मुले शिकायला होती. दोघेही आता कंपनीच्या वर्कशॉपात आहेत, जिथे चेपलेला भाग ठोकून सरळ करण्याऐवजी नवा आणून बसवतात. त्यांना मी तरी नावे ठेवणार नाही.

हिशेबशास्त्राच्या तासाला आम्हाला ताळेबंदाची सजावट शिकवतात. म्हणजे करावी कशी हे नव्हे, ओळखावी कशी हे. वर्षअखेरीस देणी पुढे ढकलायची, बुडीत येणी तशीच दाखवायची, आणि कागदावर धंदा धडधाकट. पुट्टी ही मोटारीच्या ताळेबंदाची सजावट आहे. फरक एवढाच की कंपनीचा ताळेबंद लेखापरीक्षक तपासतो, मोटारीचा सांधा कोणी तपासत नाही. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक हा गरिबाचा लेखापरीक्षक म्हणावा लागेल.

काम बरोबर कसे होते ते मी पुढचे दहा दिवस कॉलेज सुटल्यावर जाऊन पाहिले. पहिले दोन दिवस तर नुसते काढण्यातच गेले. सीट निघाल्या, रबराची मॅट निघाली. मॅटखाली नमद्याचे जाड अस्तर होते, ते पिळल्यावर पाणी गळाले. म्हणजे वर्षानुवर्षे आम्ही जमिनीच्या पत्र्यावर ओले घोंगडे पांघरून ठेवले होते. उंबरठ्याच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी कारखान्याने भोके ठेवलेली असतात. ती तीन वर्षांपूर्वी लावलेल्या डांबराच्या जाड थराने बुजली होती. गाडीचे रक्षण म्हणून जे केले त्यानेच आत तळे साचवले.

मग मिस्त्रींनी गाडी चार ठिकाणी टेकूंवर घेतली आणि दाराच्या चौकटीत आडव्या लोखंडी सळ्या टाके घालून बसवल्या. हे कशाला, असे मी विचारले. "उंबरा कापला की गाडी बसते. बसलेल्या गाडीत नवीन पत्रा वेल्ड केलास की ती तशीच वाकडी राहिली जन्मभर. मग दार लावत बस." पेट्रोलची टाकी आणि बॅटरी अगोदरच बाहेर काढून ठेवली होती, टाकी आत असताना मागच्या बाजूला वेल्डिंग करणाऱ्याच्या कहाण्या त्यांच्याकडे आहेत, त्या इथे छापण्यासारख्या नाहीत.

कापताना त्यांनी भोकापाशी थांबणे नाकारले. जिथे पत्रा वाजवल्यावर खणखणीत वाजला तिथून दोन बोटे पुढे जाऊन कापले. गंजलेल्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही; धरल्यासारखे दिसते आणि कडेने पुन्हा फाटते. कापलेला तुकडा जमिनीवर ठेवला तेव्हा त्याचे थर सुटले होते, जुन्या पोथीच्या पानांसारखे. मग त्याच जाडीचा नवा पत्रा रुळाच्या तुकड्यावर ठेवून, हातोडी आणि डॉलीने ठोकत ठोकत, मूळ पेटीचा बाक त्याला आणला. या एका तुकड्याला दीड दिवस गेला. मी शेजारी बसून अर्थशास्त्राची टिपणे वाचत होतो. खरे म्हणजे वाचत नव्हतो.

जोडण्याचे काम सर्वांत शिकण्यासारखे. एकमेकांवर येणाऱ्या दोन्ही कडांना आधी जस्ताचा प्रायमर लावला, कारण जोडल्यावर तिथे ब्रश कधीच पोहोचणार नव्हता. वरच्या कडेला ओळीने भोके पाडली आणि कारखान्यातल्या ठिपक्यांच्या जागी एकेक भोक वेल्डिंगने भरत गेले. तेही सलग नाही: एक टाका इकडे, दुसरा वीतभर लांब, मग थांबायचे. एका जागी उष्णता साचली तर पातळ पत्र्याला लाट येते, आणि ती लाट लपवायला पुन्हा पुट्टीच लागते. जुन्या गॅस वेल्डिंगला हा धोका अधिक असे. आता गावात बहुतेक जण सीओटू वेल्डिंग वापरतात, तरीही घाई केली तर पत्रा वाकतोच. नंतर इपॉक्सी प्रायमर, तो वाळल्यावर सांध्यावर लवचीक मसाला, मग रंग. हा क्रम उलटा चालत नाही. उघड्या पत्र्यावर मसाला भरला तर आपण ओल आत कोंडून वर दार लावून घेतो. शेवटी पेटीच्या पोकळीत पातळ मेणाचा फवारा, आणि तळाची भोके मोकळी.

एका कोपऱ्यात गंज वरवरचा होता. तिथे पत्रा न कापता मिस्त्रींनी तो घासून गंज पालटणारे द्रावण लावले. तपकिरी पत्रा बघता बघता निळसर काळा झाला. हे द्रावण टॅनिनचे असते. आपले पूर्वज हिरडा आणि हिराकस उकळून शाई करीत तीच ही किमया. अशा बाटलीने सगळेच काम भागते असे पुष्कळांना वाटते. पण ती पृष्ठभागावर चालते. दोन पत्र्यांच्या मिटलेल्या सांध्यात ती पोहोचत नाही, आणि आपला रोग तर तिथेच असतो.

पुट्टीशी माझे वैर आहे असा समज होऊ नये. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर हातोडीच्या खुणा राहतात, त्या झाकण्यापुरता पातळ थर प्रत्येक चांगला मिस्त्री देतो. वाईट ती पत्र्याच्या ऐवजी वापरलेली पुट्टी. सांधा गाडीबरोबर किंचित हलत असतो. कडक पुट्टी हलत नाही, म्हणून तडकते. आणि ती ओल शोषते.

आता पैशाचा प्रश्न, कारण शेवटी सगळे तिथेच येऊन थांबते. घटत्या शिल्लक पद्धतीने दरसाल १५ टक्के घसारा धरला तर एक लाखाची गाडी वीस वर्षांनी ३,८७६ रुपयांची राहते आणि चाळीस वर्षांनी सुमारे १५० रुपयांची. १५० रुपयांच्या मालमत्तेवर हजारो रुपये दुरुस्तीला घालणारा माणूस आमच्या पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने वेडाच. आमच्या एका सरांनी मला गंभीरपणे सांगितले की अशी गाडी मोडीत काढणे हाच शहाणपणा. त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. जुने इंजिन धूर अधिक सोडते, अपघातात आजची गाडी माणसाला अधिक वाचवते, आणि ज्याला पत्र्याचा खर्च झेपत नाही त्याने गाडी सन्मानाने मोडीत द्यावी. पुट्टी भरून रस्त्यावर ठेवू नये. पण ज्याला गाडी ठेवायची आहे त्याने ती खरोखर ठेवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

कायद्याचेही यात एक गमतीचे अंग आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींना दहा हजार. दुसऱ्या टोकाला, जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अट ही की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या सांगाड्यात वा इंजिनात फेरफार केलेला नसावा. म्हणजे पंधरापर्यंत गाडी तरुण, पन्नासनंतर वारसा, आणि मधली पस्तीस वर्षे त्रिशंकू. गंज नेमका याच पस्तीस वर्षांत काम करतो, आणि मालक हात आखडतो तोही याच काळात. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, अँबॅसडरचे २०१४ मध्ये. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. आमची गाडी २०३६ साली पन्नाशी गाठेल. तोवर तिच्यासारख्या किती उरतील, आणि ज्या उरतील त्यांतला पत्रा किती व पुट्टी किती, हे आजच्या गॅरेजांत ठरते आहे. प्रदर्शनात पॉलिश करून उभ्या केलेल्या गाड्यांना बक्षिसे देणाऱ्या परीक्षकांनी एकदा सर्वांसमक्ष चुंबक फिरवावे, अशी माझी सूचना आहे. निकाल बरेच बदलतील.

आणि मालकांनी? बिलात 'डेंटिंग-पेंटिंग' अशी एकच ओळ असते, तीच रोगाचे मूळ आहे. पत्र्याचे काम वेगळे लिहून मागावे, रंग वेगळा. प्रायमर मारण्यापूर्वी उघडा पत्रा स्वतः जाऊन पाहावा. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, फोटो काढून बिलासोबत ठेवावेत. जो कारागीर उघडा पत्रा दाखवतो त्याला घासाघीस न करता पैसे द्यावेत. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे. काकांना विचारा.

कारण मधे एक प्रकरण झाले. काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी म्हापशाहून एक तरुण गाडी बघायला आला होता. लग्न ठरले होते, वरातीला आणि नंतरही आपल्याकडे फियाट असावी अशी त्याची हौस. त्याने बॉनेटवर हात फिरवला. किंमत चांगली सांगितली. पुट्टीचे दोन दिवस आणि थोडा रंग, एवढ्यात व्यवहार झाला असता आणि काकांना त्यात स्पष्ट फायदा होता. मी वहीत मांडून पाहिला आहे. काका दोन रात्री गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलाला गाडीपाशी नेले, खाली वाकायला लावले आणि मिस्त्रींचे चुंबक त्याच्या हातात दिले. तो मुलगा नमस्कार करून गेला, पुन्हा त्याचा फोन आला नाही.

डावी बाजू आता पुरी झाली आहे. उजवी कापायची आहे, पण मिस्त्री पावसात पत्रा उघडायला तयार नाहीत. घासलेल्या पत्र्यावर एका रात्रीत तपकिरी झाक येते म्हणतात. तेव्हा गाडी गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली टेकूंवर उभी आहे. काका दर रविवारी जाऊन येतात. मागच्या रविवारी मीही गेलो होतो. मिस्त्रींनी जॅक लावून डावी बाजू उचलली आणि मला दार उघडायला सांगितले. उघडले.